डाव्या बाजूचे सात

गाडीवर एकूण चौतीस ठिपके होते. डाव्या दोन दारांवर मिळून अकरा, डाव्या मागच्या चाकाच्या वर सहा, मागच्या बंपरवर नऊ, उजव्या बाजूला एकुलता एक, आणि डाव्या पुढच्या चाकाच्या वर सात. बॉनेटवर आणि छतावर एकही नाही. सहज बघून ते दिसत नव्हते. बॅटरी पत्र्याला जवळजवळ टेकवून तिरपी धरली की प्रत्येकाला बारीकशी सावली पडायची. कुणीतरी ओरखड्यांवर ब्रशने रंग भरला होता, आणि तो इतका जपून भरला होता की लेकीला दोनदा मोजावं लागलं.

बारा वर्षांची ही राखाडी-निळी गाडी विकायची होती. जाहिरातीसाठी फोटो काढायच्या आधी ती कुणाकडून तरी नीट घासूनपुसून चकचकीत करून घ्यायची, म्हणून लेक रजा काढून घरी आली होती. पाण्याचे नमुने तपासणाऱ्या प्रयोगशाळेत ती नोकरी करायची. लहानपणी दर रविवारी मांजराच्या शेपटीची लांबी मोजून वहीत लिहायची, तेव्हापासून बाबा तिला मोजपट्टी म्हणत.

तिने प्रत्येक ठिपक्याशेजारी पिवळा चिकट कागद लावला, तेवढ्यात बाबा खाली आले. मान जराशी डावीकडे वळवून त्यांनी गाडी या टोकापासून त्या टोकापर्यंत पाहिली. काचबिंदूने त्यांच्या नजरेची डावी कड खाल्ली होती. समोरचं स्वच्छ दिसायचं, डावीकडचं मात्र मान वळवल्याशिवाय नाही. पाच महिन्यांपूर्वी डॉक्टरांनी गाडी चालवायची बंद म्हणून सांगितलं होतं.

"काढ ते," बाबा म्हणाले. "आई वाचनालयातून यायच्या आत काढ."

"बाबा, हे काय आहे?"

"दोन नंबरचा ब्रश," बाबा म्हणाले. उभा जन्म त्यांनी इमारतींचे नकाशे काढण्यात घालवला होता. "पत्र्यावर काम करायला तीन नंबरसुद्धा जाड होतो."

मग कागद काढता काढता त्यांनी सगळं सांगितलं. आई बावन्नाव्या वर्षी गाडी शिकली. तिचं वाचनालय शहराच्या दुसऱ्या टोकाला हलवलं, म्हणून शिकली. पहिल्याच आठवड्यात फाटकाला गाडी घासली. घरी येऊन हातात चावी धरून बसून राहिली आणि म्हणाली, मला नाही जमायचं हे. बाबांनी पहाटे उठून ओरखडा बुजवला. सकाळी तिला खाली नेऊन दाखवलं. म्हणाले, कुठे काय आहे, धूळ होती, पुसली. तिने बोट फिरवून पाहिलं आणि कामावर गेली. त्यानंतर जेव्हा जेव्हा नवा ओरखडा दिसला, तेव्हा तेव्हा बाबांनी तो मुकाट्याने बुजवला. रंगाची बाटली बुटांच्या पॉलिशच्या डब्यात असायची. आई त्या डब्याला कधी हात लावत नसे.

"अकरा वर्षांत एक ओरखडा नाही, असं ती सगळ्यांना सांगते," बाबा म्हणाले. "तिला कळलं तर ती चावी कायमची खुंटीला लावेल. आत्ताच बघ ना, माझं बंद झाल्यापासून तीही गाडीला शिवलेली नाही. नवी छोटी गाडी आली की बघू म्हणते. तोवर सगळीकडे पायी, वाचनालयातसुद्धा. चालणं तब्येतीला बरं म्हणे."

दवाखाना एकोणीस किलोमीटरवर होता आणि डॉक्टरांकडे दर महिन्याला जायचं होतं. लेकीची रजा चार दिवसांनी संपणार होती. तेव्हा प्रश्न जुन्या गाडीच्या चकाकीपुरता नव्हता. आई पुन्हा चालवायला बसते की नाही, यावर पुढची सगळी वर्षं अवलंबून होती.

"म्हणजे तोंड बंद ठेवणारा माणूस शोधायचा," लेक म्हणाली.

"कामही चांगलं करणारा हवा हं," बाबा म्हणाले. "गाडीने बारा वर्षं सेवा केलीय. तिची हजामत नको व्हायला."

पहिलं दुकान काचेचं होतं. आत इतके दिवे होते की लेकीला स्वतःच्या चपलांची लाज वाटली. तिथल्या तरुणाने टॅब्लेटवर सात प्रकारची कोटिंगं दाखवली. ठिपक्यांबद्दल विचारल्यावर तो म्हणाला, "मशीन फिरवलं की सगळं सपाट."

"सपाट म्हणजे, वरून भरलेला रंगही निघून जाणार?"

"निघायचं ते निघेल की, मॅडम. मग अख्खी डावी बाजू नवीन रंगवू."

बाबा बाहेर येऊन म्हणाले, "हा आजाऱ्याची साल काढून त्याला गोरा करणार."

दुसरा पेट्रोल पंपाच्या मागे होता, बोलायला मोठा गोड. त्याने तळहाताने पत्रा चाचपला आणि डोळा मारला. "मेण भरतो, काका. वर चकाकी, खाली काहीही असो. दोन महिने कुणाच्या बापाला दिसायचं नाही."

"दोन महिने पुष्कळ झाले," बाबा म्हणाले. त्यांचा चेहरा उजळला होता.

"आणि तिसऱ्या महिन्यात?" लेकीने विचारलं.

"तिसऱ्या महिन्यात गाडी तुमची कुठेय, ताई?"

बाबा गाडीत येऊन बसले. दोन चौक गेले. मग स्वतःशीच बोलल्यासारखे म्हणाले, "ज्याला तिसऱ्या महिन्यात दिसेल, त्यालाही बायको असेल म्हणा. तीही शिकत असेल." आणि थोड्या वेळाने, "तिसरा कुठे आहे?"

तिसऱ्याला सगळे भिंगवाले म्हणत. दोन बोळांच्या कोपऱ्यावर त्यांची एक गाडी मावेल एवढीच जागा होती. तोंडाशी दोन जाडजूड खांब होते. लेकीने सवयीने खिशातला टेप लावून पाहिला. खांबांमध्ये दोन मीटर चौदा सेंटिमीटर. आत दोरीवर रंगीत फडकी ओळीने वाळत होती. काचेसाठी पांढरी, पत्र्यासाठी निळी, चाकांसाठी करडी, आणि जमिनीवर पडलेली सगळी एका वेगळ्या बादलीत.

"जमिनीवर पडलेलं फडकं धुऊनसुद्धा पत्र्याला लावत नाही," भिंगवाले म्हणाले. "खड्याचा एक कण राहिला तरी तो आयुष्यभर लिहून जातो."

लेकीला तिथेच उत्तर सापडलं होतं. पण भिंगवाल्यांनी रंगाची जाडी मोजायचं यंत्र खिशातून काढलं, छतावर एकदा टेकवलं, डाव्या दारावर दोनदा टेकवलं आणि परत खिशात ठेवलं.

"कुणाच्या नावावर आहे गाडी?"

"आईच्या."

"मग आईंना आणा. गाडीला कुठे काय झालंय, ते मी मालकासमोर वाचून दाखवतो. तोच कागद पुढे घेणाऱ्याला जातो. मालकाने ऐकून घेतल्याशिवाय मी फडकं ओलं करत नाही."

"मी त्यांचा नवरा आहे," बाबा म्हणाले.

"दिसतंय," भिंगवाले म्हणाले. "काम सुरेख केलंय तुम्ही. पण गाडी त्यांची आहे."

घरी येताना बाबा म्हणाले, "चौथा बघ."

"बाबा, फडकी बघितलीत ना तुम्ही?"

"बघितली."

"मग?"

"मग काय. माणूस चांगला असला की असाच नडतो." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. "आई चावी ठेवून देईल, मोजपट्टी. मग तुझा टेप घेऊन बस मोजत."

लेकीने सगळी रात्र विचार केला असं नाही. पण झोपण्याआधी बराच केला. आकडा कळल्यावर तो गिळून टाकायचं तिला जन्मात जमलं नव्हतं, आणि बाबांनाही मेण पसंत नव्हतं, हे तिने पाहिलं होतं. सकाळी ती आईला म्हणाली, "चल, गाडीला कोण आंघोळ घालणार ते बघून येऊ. मालकीणबाईंना बोलावलंय." बाबा चहाचा कप धुवत होते. त्यांनी तो तीनदा धुतला.

भिंगवाल्यांनी गाडी खांबांच्या बाहेर रस्त्याकडेलाच उभी करायला लावली आणि यंत्र, भिंग सगळीकडे फिरवून कागद भरला. आई पर्स काखेत धरून त्यांच्यामागून निघाली. बाबा चार पावलं लांब उभे राहिले.

"छत, एकशे आठ मायक्रॉन. हा कंपनीचा रंग," भिंगवाले वाचू लागले. "मागचा बंपर प्लास्टिकचा, तिथे यंत्र चालत नाही, भिंगाने पाहिलंय. हाताने रंग भरलेल्या नऊ जागा."

बाबांनी मान खाली घातली.

"नऊ बरोबर," आई म्हणाली. "त्यातले पाच एकट्या वाचनालयाच्या फाटकाचे. त्या फाटकाशी माझं कधी पटलंच नाही."

भिंगवाल्यांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. "डाव्या मागच्या चाकाच्या वर सहा. जाडी एकशे नव्वद ते दोनशे तीस."

"कचऱ्याचा डबा, कचऱ्याचा डबा, सायकल, भिंत, भिंत, आणि एकदा त्याच भिंतीची दुसरी बाजू."

"दारांवर अकरा."

"होय. उजवीकडचा एक लिहिलात ना? तो एकच आहे, राहून जाईल." ती बाबांकडे वळली. "सत्तावीस झाले. अहो, असे लांब का उभे आहात? परीक्षा तुमची नाहीये."

बाबांनी मान वर केली. "तुला माहीत होतं?"

"गाडी मी चालवत होते. घासल्याचा आवाज चालवणाऱ्याला सगळ्यात आधी येतो. पहिल्या वेळी तुमची ती धूळ खरी वाटली मला. दुसऱ्या वेळी तुमच्या नखात रंग होता."

"मग एक ओरखडा नाही म्हणून गावभर सांगत का होतीस?"

"तुम्ही शेजारी उभे असायचात," आई म्हणाली. "तेव्हा तुमचं तोंड बघण्यासारखं असायचं."

लेकीला हसू आलं. भिंगवाल्यांना मात्र आलं नाही. ते पुढच्या चाकापाशी वाकले होते. "इथे सात आहेत. हे अलीकडचे. रंग तोच, हातही तोच, पण इथे रंग ओरखड्यावर पडलेला नाही. शेजारी पडलाय. शेवटचा तर अख्खा दोन मिलिमीटर बाजूला आहे."

बाबा पुढे आले, गुडघ्यावर बसले, मान डावीकडे वळवून त्यांनी पत्र्यावरून बोट फिरवलं. ओरखडा बोटाला लागत होता. रंग त्याच्या शेजारी, जपून भरलेला, कोरडा.

"हे सात तुझे नव्हेत?"

"नाही."

"मला वाटलं तुझेच."

"माहितेय," आई म्हणाली. "म्हणून तर मुकाट्याने भरत होतात. मी शेजारच्या सीटवर असायचे. तुम्हाला आवाजसुद्धा यायचा नाही, रेडिओ ऐकत असायचात."

"चष्म्याचा नंबर वाढलाय म्हणून नेलं होतंस मला."

"हो. सातव्यानंतर नेलं." तिने पर्स एका काखेतून दुसऱ्या काखेत घेतली. "तिसऱ्यानंतरच न्यायला हवं होतं. तिसऱ्याला माझ्या लक्षात आलं होतं, सगळे एकाच बाजूला आहेत म्हणून. पण वाटलं, हे इतकी वर्षं माझं झाकतात, मी चार दिवस यांचं झाकलं तर काय बिघडलं. आणि गेलेली नजर परत येत नाही म्हणाले डॉक्टर."

एवढं बोलून ती दोरीवरच्या फडक्यांकडे बघत राहिली. पाच महिने पायी चालून ती स्वतःला कसली शिक्षा देत होती, ते लेकीला तेव्हा कळलं. बाबांनाही कळलं असावं, कारण ते गुडघ्यावरून उठले ते तिच्या उजव्या अंगाला जाऊन उभे राहिले, म्हणजे ती त्यांच्या डावीकडे आली. मग मान पूर्ण वळवून ते तिच्याकडे बघू लागले.

"तिसऱ्यापासून सातव्यापर्यंत किती दिवस गेले?"

"चोपन्न," आई म्हणाली. ग्रंथपाल होती ती. तारखा चुकायच्या नाहीत.

"आणि हे दुखणं कधीपासून आहे म्हणाले डॉक्टर?"

"दहा वर्षं तरी."

"मोजपट्टी, दहा वर्षांत चोपन्न दिवस म्हणजे किती टक्के?"

लेकीने मनात भागाकार केला. "एक पूर्णांक अठ्ठेचाळीस. धरा दीड."

"दीड टक्का," बाबा आईला म्हणाले. "दीड टक्क्यासाठी पाच महिने चपला झिजवल्यास. मी साडेअठ्ठ्याण्णव टक्के स्वतः आंधळेपणा केला, माझ्यासाठी कोण चालत जाणार?"

"तुमचं आपलं काहीतरीच," आई म्हणाली. तिने रुमाल काढला, डोळे पुसले आणि तोच रुमाल दाराच्या काचेवरून फिरवायला गेली.

"अं हं," भिंगवाले म्हणाले. "काचेला पांढरं."

तिने रुमाल मागे घेतला.

"लिहा," बाबा भिंगवाल्यांना म्हणाले. "सत्तावीस त्यांचे, सात माझे. घेणाऱ्याला सगळं सांगा. आणि ते शेवटचे सात जरा सरळ करून द्या, जमलं तर."

"चार दिवस लागतील," भिंगवाले म्हणाले. "गाडी आत घ्यायला हवी. मी घेऊ का? जागा अरुंद आहे, खांबांनी पुष्कळांना प्रसाद दिलाय."

बाबांनी लेकीपुढे हात पसरला. तिने चावी त्यांच्या तळहातावर ठेवली. त्यांनी ती आईपुढे धरली.

"उलटी घालायची?" आईने विचारलं.

"उलटी," भिंगवाले म्हणाले. "निघताना सोपं पडतं."

आईने पर्स बाबांकडे दिली. सीट पुढे ओढली, आरसा खाली वळवला, बाहेरचे दोन्ही आरसे मिटले आणि खिडकीतून डोकं बाहेर काढून म्हणाली, "कुणी हातवारे करू नका. मला गोंधळायला होतं."

कुणी केले नाहीत. बाबा पर्स छातीशी धरून उजव्या खांबापाशी उभे होते. गाडी एकदा मागे गेली, थांबली, हातभर पुढे आली, पुन्हा मागे गेली, आणि इंजिन बंद झालं.

लेकीने टेप काढला. डाव्या खांबापासून एकोणीस सेंटिमीटर, उजव्या खांबापासून एकवीस.