गेटवरचा दुसरा माणूस

सुन्निवा सहाव्या दारात उभी होती, आणि तार्वेय बेटावर झोळी पसरावी अशी दारं मुळात सहाच होती.

कारण साधं होतं. बेटावरच्या विमानतळाला वरच्या कार्यालयाचं पत्र आलं होतं: पैसे नाहीत, नवीन वर्षापासून सोमवार ते शुक्रवार सकाळच्या सुरक्षा तपासणीला एकच माणूस मिळेल. आणि नियम असा की गेटवर माणसं दोन हवीत. एकाने पडद्यावर बॅगा बघायच्या, दुसऱ्याने माणसं तपासायची. दुसरा माणूस नाही तर गेट नाही. गेट नाही तर सकाळचं सात-दहाचं विमान रिकामं उडणार, आणि रिकामं विमान कोण किती दिवस उडवील?

सुन्निवाची टीरिल पाच वर्षांची. तिच्या सांध्यांना सूज येते, म्हणून दर मंगळवारी त्या विमानाने ट्रॉम्सो शहरातल्या हॉस्पिटलात जायचं, सलाईन लावून संध्याकाळी परत. चाळीस मिनिटांचा प्रवास. धावपट्टीचं काम चाललं होतं तेव्हा एकदा तिला फेरीबोटीने आणि बसने नेलं होतं. नऊ तास. पोर वळणावळणावर ओकली आणि उतरताना तिचे गुडघे पावासारखे फुगलेले. नवरा योर्न समुद्रावर, दोन महिन्यांनी घरी. तेव्हा सुन्निवानेच कागद लिहिला, बेटावरच्या धंदेवाल्यांनी मिळून दुसऱ्या माणसाचा पगार द्यावा असा, आणि दारोदार निघाली.

दुकानदार म्हणाला, नाताळ होऊ दे. बँकेने सांगितलं, देणगीचा निधी फुटबॉलच्या मैदानाला गेला. हॉटेल हिवाळ्यापुरतं बंद. सुका कॉड मासा विकणारा आणि इंजिनं दुरुस्त करणारा, दोघांनीही कॉफी पाजली आणि पैशाचं सोडून सगळं बोलले. एक मात्र झालं. पैसे देणारा एक भेटला नाही, पण श्रमदानाला एक्केचाळीस जण तयार झाले. पाळीपाळीने येतो म्हणाले, फुकट उभे राहतो, वाटलं तर वॉफलही भाजून आणतो.

ती यादी सुन्निवाने मोठ्या आशेने ओडब्योर्गला नेऊन दिली. ओडब्योर्ग म्हणजे विमानतळाची प्रमुख, आणि गेटवरचा पहिला माणूसही तीच.

"अगं, ही काय शाळेची भिंत रंगवायची आहे?" ओडब्योर्ग म्हणाली. "सरकारी परीक्षा लागते याला. आणि यादीत हा तोर्लाइफ! स्वतःचा चष्मा सापडत नाही त्याला, आणि माझ्या गेटवर सुऱ्या शोधणार!"

तर आता उरलं होतं हालवारचं दार. सॅमन माशांची शेती करणारी कंपनी त्याची. बेटावरची निम्मी घरं त्याच्या पगारावर. भर दुपारची वेळ, पण नोव्हेंबर संपत आलेला, खिडकीबाहेर धक्क्यावरचे दिवे लागलेले. सुन्निवाचे डोळे चुरचुरत होते. रात्रभर टीरिलच्या पायांना शेक देत बसली होती.

हालवारने तिचा कागद दोनदा वाचला, चष्मा कपाळावर सरकवला.

"'पर्यटन' तीनदा आलंय यात. हिवाळ्यात कोण येतं गं इथे? वारा?"

"उद्योगालाही फायदा..."

"माझा मासा ट्रकने जातो. त्याच्या खिशात कात्री आहे का, हे कोणी बघत नाही." स्वतःच्याच विनोदावर तो थोडा हसला, मग थांबला. "खरं बोल, सुन्निवा. कोणासाठी मागतेस?"

"बेटासाठी."

"बेट माझ्याकडे आलेलं नाही. तू आलीस."

तिने खाली पाहिलं. शेजाऱ्यासाठी मागावं, शाळेसाठी, चर्चच्या छपरासाठी मागावं. स्वतःसाठी मागणाऱ्याची बेटावर पिढ्यान्‌पिढ्या आठवण निघते.

"टीरिलसाठी," ती म्हणाली. कान गरम झाले तिचे.

"मग आधीच सांगायचं ना, वेडे!" हालवार एकदम मऊ झाला. "पर्यटन काय, उद्योग काय! आपली वेगवान बोट आहे. मंगळवारी सहाला धक्क्यावर ये. अडीच तासांत पलीकडे, तिथून माझी गाडी हॉस्पिटलच्या दारात. परतही तशीच. पूर्ण हिवाळा. झालं?"

सुन्निवाच्या अंगातली सगळी हाडं एकदम 'हो' म्हणाली. ना कागद, ना दारं. बोटीत गरम खोली असेल, टीरिल मांडीवर झोपेल, आपणही झोपू. तिला ती झोप दिसायलाच लागली.

"बोटीत किती माणसं बसतात?" तिने विचारलं.

"बारा. का?"

"मंगळवारच्या विमानाला मॅगनार मास्तर असतात, डोळ्यात इंजेक्शन घ्यायला. सोल्वेग असते, तिच्या पोटात बाळ..."

"मी काय बससेवा काढलीय? एका पोरीला नेणं वेगळं. सगळ्यांना न्यायचं तर परवाने, विमा, शंभर भानगडी. तुला बोट नको असेल तर तसं सांग."

"हवीय!" तिचा आवाज नको तेवढा चढला. "इतकी हवीय, हालवार, की मला नाही म्हणता येत नाहीये. पण आज हो म्हटलं, तर उद्यापासून मी एकाही दारात जाणार नाही. मी ओळखते मला. आणि मी गेले नाही तर कोणी जाणार नाही. मार्चमध्ये मॅगनार मास्तर त्या बसमध्ये बसलेले असतील, आणि मी तुझ्या बोटीतून त्यांना हात करीन."

हालवारने चष्मा कपाळावरून काढून टेबलावर ठेवला.

"तूच मागे घे ती बोट," ती म्हणाली. "तू घेतलीस तर मला जमेल."

अशी विनंती हालवारला साठ वर्षांत कोणी केली नसावी.

"बरं," शेवटी तो म्हणाला. "बोट नाही."

"नाही," तिनेही म्हटलं.

त्याने कागद पुढे ओढला. 'पर्यटन' तिन्ही जागी खोडलं, मग खाली लिहिलं. "मंगळवार आणि गुरुवार. दोन सकाळींचा पगार माझा. ईस्टरपर्यंत. बाकीचे दिवस बाकीच्यांकडून घे, माझी सही दाखव. लाज वाटेल लेकांना. ईस्टरनंतरचं मला विचारू नकोस."

गाडीत बसून तिने ओडब्योर्गला फोन लावला.

"दोनच दिवस? बाई गं, दोन तर दोन. परीक्षा पास झालेली मुलगी आहे माझ्याकडे, उद्याच कळवते तिला. अगं, रडतेस कशाला?"

"रडत नाहीये. अजून तीन सकाळी राहिल्यात. सगळ्यांकडे पुन्हा जायचं."

"आज नाही जायचं. बालवाडीतून टीरिलला मी आणते. डोळे मीट तू."

"तुझं काम?"

"दुपारचं विमान गेलं, आता संध्याकाळपर्यंत मीच माझी तपासणी करत बसलेय."

सुन्निवाने हीटर चालू केला, सीट मागे टाकली. हालवारच्या सहीचा कागद घडी घालून कोटाच्या आतल्या खिशात ठेवायचा होता. तेवढं करायच्या आधीच तिला झोप लागली.