खांबाजवळचं भोक

नायजेरियातल्या इबादानात म्हणतात, स्लॅब ओतायच्या दिवशी घरमालकाने मजुरांना जेवू घातलं नाही तर तो स्लॅब गळतो. साफ खोटं. स्लॅब गळतो तो सिमेंट चोरल्याने. पण खरं बोललं तर मटण बंद होईल, म्हणून कुणी बोलत नाही. बाबा लामिदीही बोलत नसे. चाळीस वर्षं सळया बांधून त्याची बोटं वाकडी झाली होती, जीभ मात्र सरळ होती. पण मटणापुरती तीही वळायची.

इबिडुनबाई निवृत्त हेडमिस्ट्रेस. त्यांच्या घराचा स्लॅब ओतला तेव्हा अख्खा बकरा आणि दोन पातेली तिखट लाल जोलोफ भात शिजला. मजूर घमेली फिरवत होते. आपल्या सळयांवर कुणी पाय देईल म्हणून लामिदी शिव्या देत उभा होता. आणि जिमोह प्लंबर आंब्याखाली तिसरी थाळी चाटत होता. त्याचं काम इवलंसं: काँक्रीट पडायच्या आधी तुळईच्या साच्यात पाइपाचा एक तुकडा आडवा ठेवायचा, म्हणजे वरच्या संडासाच्या पाइपाला आयतं भोक मिळतं. तो तुकडा पिशवीतच राहिला आणि बकरा पोटात गेला.

तीन आठवड्यांनी सेंट्रिंग निघालं. जिमोह शिडीवर चढला, खांबाला लागूनच तुळईवर खडूने गोल काढला आणि छिन्नी टेकवली.

"ए! उतर खाली!" लामिदी ओरडला. "त्या तुळईखाली बाईंची खुर्ची येणार आहे. तुझ्या घरात पाड भोकं!"

"बाबा, चार इंचाचं तर भोक. इंजिनिअरसाहेबांनी हो म्हटलंय."

इंजिनिअरसाहेब म्हणजे दामोला. वय सव्वीस, बूट चकचकीत, काखेत नकाशाची गुंडाळी. या गुंडाळीचा एक गुण असतो: ज्याच्या काखेत ती असते त्याला बाकीचे सगळे अडाणी दिसतात.

"अठरा इंचाच्या तुळईत चार इंच म्हणजे किरकोळ आहे हो," दामोला म्हणाला. "आणि खांबाशेजारून पाइप थेट बाहेर जातो. दिसतही नाही."

"साहेब, गोळी पोटरीत घुसली काय आणि गळ्यात घुसली काय, भोक एवढंच पडतं. माणूस कुठल्या भोकाने मरतो?"

"बाबा, हा हिशोबाचा विषय आहे. तुम्ही कुठवर शिकलात?"

लामिदी तिसरीत शाळेतून पळाला होता. हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं, म्हणूनच विचारलं. गप्प बसावं तर बाई रोज त्या तुळईखाली बसणार. बोलावं तर पुढच्या कामावर हा पोरगा त्याला उभा करणार नाही.

तेवढ्यात इबिडुनबाई छत्री टेकत आल्या. त्यांनी दोघांचं ऐकून घेतलं, वर्गातल्या दोन भांडखोर पोरांचं ऐकावं तसं.

"मला कुणाचं शिक्षण नको," त्या म्हणाल्या. "मला दाखवा."

दाखवायला कुंपणाशी दोन वस्तू पडल्या होत्या. स्लॅबच्या उरलेल्या काँक्रीटमधून लामिदीने दोन फाटकांवर आडव्या टाकायला दोन पाटल्या, म्हणजे छोट्या तुळयाच, ओतल्या होत्या. माल एक, सळया सारख्या, दिवस तोच.

"जिमोह," लामिदी म्हणाला, "एकीला टोकाजवळ भोक पाड, तुला आवडतं तसं. दुसरीला बरोबर मधोमध, पोटात. तुझीच छिन्नी, तुझाच हात. मग म्हणू नकोस म्हाताऱ्याने लबाडी केली."

जिमोहने पाडली. टोकाजवळ छिन्नीखाली सळयांना वेढणारी एक लोखंडी रिंग सापडली, ती त्याने करवतीने कापून टाकली. लामिदीने डोळे मिटून घेतले. मग दोन्ही पाटल्या विटांच्या ठोकळ्यांवर हातभर उंच ठेवल्या आणि मजुरांनी वर सिमेंटच्या गोण्या रचायला घेतल्या. एक इकडे, एक तिकडे. गल्ली जमली. वेलचीकेळी विकणारी बाई टोपली खाली ठेवून बसली.

"मधली आधी जाणार," दामोला म्हणाला. "वाक सगळ्यात जास्त मधेच."

"वाक मधेच, साहेब. पण तो वरचं काँक्रीट आणि खालच्या सळया सोसतात. पोटातलं काँक्रीट तिथं नुसतं बसून खातं, आपल्या जिमोहसारखं. टोकाला मात्र भार तिरका होऊन खांबात उतरतो. ती त्याची उतरायची वाट. तीच खणून काढली तर त्याने उडी मारावी?"

प्रत्येकी बारा गोण्या झाल्या. दोन्ही पाटल्या उभ्या. गोण्या संपल्या.

दामोला हसला. "बघा! किरकोळ."

लामिदीने आणखी एखादी गोणी शोधत इकडेतिकडे पाहिलं. मग त्याची नजर जिमोहच्या पोटावर गेली.

"बाई, स्लॅबच्या दिवशी ज्याने खाल्लं त्याने भार उचलायचा की नाही?"

"उचलायचाच," बाई म्हणाल्या. "जिमोह, चढ."

जिमोह आधी मधल्या भोकाच्या पाटलीवर चढला, गोण्यांवर बसला, वर दोन उड्याही मारून दाखवल्या. काही नाही. लोकांनी टाळ्या पिटल्या. मग ऐटीत दुसरीवर चढला. टेकला मात्र, आणि भोकाच्या काठातून तिरक्या भेगा सुटल्या, एक खाली ठोकळ्याकडे, एक वर. कडाड् झालं. गोण्या, जिमोह आणि धूळ एकाच ढिगात पडली.

"आईगं!" जिमोह सिमेंटमधून बोलला. "जिवंत आहे मी!"

"हातभर उंचीवरून पडलास म्हणून," बाई म्हणाल्या. "माझी तुळई दहा फुटांवर आहे."

दामोला वाकून ती भेग बघत राहिला. बूट पांढरे झाले होते. मग म्हणाला, "बाबा, मधे पाडायचं तर कुठे? रिंग कापायला नको."

हा प्रश्न त्याला पदवीच्या पाच वर्षांत कुणी विचारायला शिकवला नव्हता, म्हणून लामिदीने त्याला तिथल्या तिथे माफ केलं. तो शिडीवर चढला. कोणती रिंग कुठे आहे हे त्याला बघावं लागत नव्हतं. त्यानेच बांधल्या होत्या. मधोमध, दोन रिंगांमधल्या मोकळ्या जागेत त्याने खडूने गोल काढला. जिमोहने खणलं. छिन्नीला एकदाही लोखंड लागलं नाही.

तुळई उभी आहे. पाइप मात्र आता दिवाणखान्यातून, बाईंच्या खुर्चीच्या डोक्यावरून जातो. वरच्या मजल्यावर कुणी संडासाची साखळी ओढली की पाहुणे दचकून वर बघतात.

"घाबरू नका," बाई चहा ओतत म्हणतात. "जिमोहने खाल्लेला बकरा चाललाय."