मामांचं अनुमोदन

निवृत्तीनंतर माणसं बागकाम करतात. मी लोकांना कंपनीचं संचालक मंडळ कसं चालवावं ते शिकवते. घरात हुकूम ऐकायला कोणी उरलं नाही म्हणून, असं माझ्या नवऱ्याचं मत.

२००६ साली आफ्रिकेतले काही उद्योजक अशा प्रशिक्षणासाठी अमेरिकेतल्या प्लेनो शहरातल्या एका हॉटेलात आठवडाभर उतरले होते. त्यांत घानाची अकोसुआ होती. तिचा अननस सुकवण्याचा कारखाना. गुंतवणूकदाराची अट एकच, अध्यक्ष घरातला नको. नाहीतर कारखान्याला कुलूप. आणि अध्यक्ष होते तिचे मामा, क्वाबेना. वडील गेल्यावर त्यांनीच तिला शिकवलं, कारखान्याला जागा दिली. तेही सोबत आलेले. अट दोघांनाही ठाऊक होती, पण तो विषय कोणीच काढत नव्हतं.

शेवटच्या दिवशी मी सरावासाठी लुटुपुटीची सभा भरवली. मामा अध्यक्ष, बाकीचे उद्योजक संचालक, आणि अकोसुआनं मामांना हटवण्याचा ठराव मांडायचा. नाटकच तर आहे, असं मला वाटलं होतं.

ती उठली आणि नुसतीच उभी राहिली. माझे सहकारी जगन्नाथराव कुजबुजले, “शोभनाताई, हा एक्सरसाइज कॅन्सल करा. आपल्यात तरी मामाला तोंडावर असं कोण बोलेल?” खरं होतं, आणि म्हणूनच मला त्यांचा राग आला.

तेवढ्यात अकोसुआ मामांपुढे गुडघ्यांत वाकली. “वोफा, माफ करा. अध्यक्षांनी पद सोडावं, असा मी ठराव मांडते.” वोफा म्हणजे त्यांच्याकडे मामा.

“अनुमोदन कोण देतंय?” मामांनी विचारलं.

एकही हात वर होईना. वडीलधाऱ्या माणसाविरुद्ध, तेही त्याच्यादेखत! अनुमोदनाशिवाय ठराव बारगळतो, आणि अध्यक्षानं अनुमोदन द्यायचं नसतं, हे सकाळी मीच शिकवलं होतं. पोरीचा चेहरा उतरला.

मामा उठले. टेबलाला वळसा घालून साध्या सभासदाच्या रिकाम्या खुर्चीत बसले आणि त्यांनी हात वर केला.

“आता मी अध्यक्ष नाही. माझं अनुमोदन.”

अकोसुआ रडत होती. मामा तिच्याकडे न बघता म्हणाले, “घरी परतल्यावर खऱ्या सभेत मी चिडेन. आरडाओरडा करेन, जागा दिल्याचं बोलून दाखवेन. तेव्हा घाबरून गप्प बसू नकोस. मी इथे खुर्ची सोडून उठलो होतो, हे सगळ्यांसमोर सांग.”