गार पाण्याचं धुणं

कपडे गार पाण्यातच चांगले निघतात, हे मी लग्न होऊन आले तेव्हापासून सांगते आहे आणि आमच्या इमारतीत ते कोणी ऐकत नाही. दोष सोलरचा आहे. गच्चीवर सोलरच्या टाक्या बसल्या, दुपारी नळाला फुकटचं कडकडीत पाणी यायला लागलं, आणि इंदिरानगरच्या समस्त बायकांना वाटलं की फुकट आहे तर ओता. बाळाने दूध ओकलेलं दुपटं गरम पाण्यात, अंडं सांडलेली चादर गरम पाण्यात. मग डाग बसला की साबणाच्या नावाने बोटं मोडायची. अहो, अंडं गरम पाण्यात टाकलं की काय होतं हे रोज सकाळी बघता ना? चादरीतही तेच होतं.

माझी रीत साधी आहे. पावडर आधी तांब्याभर पाण्यात हाताने विरघळवायची. गार पाण्यात ती आपोआप विरघळत नाही, आणि कण राहिला की कपड्यावर पांढरा ठिपका सोडतो. बादलीत कपडे कोंबायचे नाहीत, त्यांना हातपाय पसरायला जागा ठेवायची. भिजायला वेळ द्यायचा. कॉलर आणि बाह्यांच्या कडा वेगळ्या चोळायच्या. मशीन आहे घरात, तिला मी चादरी आणि पडदे देते. तेलकट मसोत्यांना गरम पाणीही देते, तेवढा मोठेपणा माझ्यात आहे. बाकी सगळं माझ्या हाताखालून जातं, आणि आमच्या गॅलरीतली दोरी रस्त्यावरूनही ओळखू येते. कोणी दागिने मिरवतं, कोणी पोरांचे मार्क. या मोहिनीने, म्हणजे मी, पांढरे कपडे मिरवले तर कोणाचं काय बिघडलं?

तर अशा माझ्या घरात आमच्या सायलीने ढोल आणला. म्हणजे ढोल पथकाचाच होता, आणली ती बातमी. कॉलेजात दुसऱ्या वर्षाला आहे. एक दिवस जेवताना म्हणाली, "मी पथकात नाव घातलंय. पाडव्याच्या स्वागतयात्रेत वाजवणार."

मला आनंद झाला. ढोल म्हणजे नाशिकचा, हे बाहेरगावचे लोकही मान्य करतात, आणि आमच्या दोन्हीकडच्या घराण्यांत कोणी साधी टाळी तालात वाजवलेली नाही. पण तिच्या पप्पांचा घास हातातच राहिला.

शेखर, म्हणजे आमचे हे, मूळ पिंपळगावचे, आणि अजूनही रोज तिकडेच जातात. तिथल्या एका द्राक्षांच्या कोल्ड स्टोरेजला सुपरवायझर आहेत. शंभर माणसांना कामाला लावतील, टेम्पोवाल्याशी रस्त्यात उभं राहून भांडतील, पण रक्त दिसलं की संपलं. भाजी चिरताना माझं बोट जरा कापलं तर पाणी मला नाही, त्यांना द्यावं लागतं. सायली लहानपणी गुडघा फोडून आली की मी आधी नवऱ्याला खुर्चीत बसवायचे आणि मग पोरीकडे जायचे. या गोष्टीवरून मी त्यांना आयुष्यभर चिडवलं आहे.

"ढोलानं हात फुटतात," ते म्हणाले. "मी पाहिलंय. वाजव, पण एक सांगून ठेवतो. ज्या दिवशी तुझ्या हाताला रक्त दिसंल, त्या दिवशी ढोल बंद."

सायलीने मान डोलावली. माझ्याकडे बघून डोलावली, हे मी तेव्हाच टिपायला हवं होतं.

ढोल कमरेला बांधतात. उजव्या हातात टिपरू असतं, त्याने एका बाजूला वाजवायचं, आणि दुसऱ्या बाजूला डाव्या हाताची नुसती थाप. त्या थापेने बोटं फुटतात. पहिला आठवडा जेमतेम झाला असेल, सायली सरावाहून आली ती ओढणी पोटाशी घट्ट धरून. मला बाथरूममध्ये ओढलं आणि ओढणी बाजूला केली. पथकाच्या पांढऱ्या कुर्त्यावर डाव्या बाजूला बारीक लाल शिंतोडे होते, कोणी कुंकवाचं बोट झटकावं तसे.

"मम्मी, निघेल ना?"

मला हे कोणी विचारावं? मी कुर्ता उलटा केला. रक्ताचा डाग नेहमी पाठीमागून धुवायचा, म्हणजे तो आला त्याच वाटेने परत जातो. नळाची गार धार सोडली. मग मिठाच्या पाण्यात भिजवला, आणि डाग पूर्ण गेल्यावरच साबण लावला. दुसऱ्या दिवशी तो कुर्ता दोरीवर असा झळकत होता की शेखर खालून बघून म्हणाले, "काय लख्ख निघालाय गं." मी म्हटलं, "हात कोणाचा आहे?"

त्यानंतर हे आमचं ठरूनच गेलं. ती यायची, कुर्ता बादलीत टाकायची, मी लगेच धुवायचे. बोटांना तिने चिकटपट्टी लावली आणि पप्पांना सांगितलं की फोड येऊ नयेत म्हणून सगळेच आधीपासून लावतात. मला यात काही वाईट वाटलं नाही, खरं सांगते. उलट तिचं रक्त माझ्या हातून वाहून जाताना मला वाटायचं, ही पोरगी कशाला तरी एवढी धरून आहे. मी कशाला अशी धरून होते? धुण्याला. आणि मग हसू यायचं.

पाडव्याच्या आदल्या दिवशी सकाळी पथकाची शेवटची तालीम होती. सायली दुपारी आली, कुर्ता टाकला आणि ढोलाच्या दोऱ्या ताणायला परत गेली. मी बाजारात होते. गुढीला साखरेची गाठी हवी, कडुलिंबाचा डहाळा हवा, आणि सणाच्या आदल्या दिवशी फूलवाल्याशी घासाघीस केल्याशिवाय मला सण आल्यासारखं वाटत नाही. शेखर एवढ्यात घरी येतील हे माझ्या स्वप्नातही नव्हतं. द्राक्षांचा हंगाम, मार्च महिना, या दिवसांत ते अंधार पडल्यावरच येतात. पण मजूर सणासाठी लवकर निघाले आणि हेही निघाले.

घरी आले, बादलीत कुर्ता दिसला, आणि त्यांच्या मनात आलं की आज बायकोचं काम हलकं करावं. लग्नानंतर पहिल्यांदा त्यांनी कपडे धुतले. सोलरचा नळ सोडला, पाणी वाफाळत होतं, त्यात मूठभर पावडर भिरकावली आणि कुर्त्याची घडीही न उलगडता तो आत दाबून झाकण ठेवलं.

मी पिशव्या घेऊन दारात आले तर हे गॅलरीत कुर्ता पिळत उभे. चेहरा असा फुललेला की कोणी सत्कार करतंय.

"बघ, तुझं धुणं उरकलं," ते म्हणाले.

मी कुर्ता हातात घेतला. तो अजून कोमट होता. डाव्या बाजूला, छातीपासून खालपर्यंत, तपकिरी ठिपके. एकही हलणार नाही असे.

"ते चहाचे हायेत," शेखर म्हणाले. "चोळले मी, पण जुने दिसतात. तुझ्याच्यानंबी निघाले नाय वाटतं." आणि हसले.

आता मी काय करायला हवं होतं ते मला कळतं. हो म्हणायचं, चहाच आहे म्हणायचं, गप्प बसायचं. पोरीचा उद्याचा दिवस त्या एका शब्दावर होता. पण माझ्या हातून चहाचा डाग निघत नाही, असं माझ्या घरात, माझ्या गॅलरीत उभं राहून कोणी म्हणावं?

"चहा?" मी म्हणाले. "चहाचा डाग मी झोपेत काढीन. हे रक्त आहे. तुमच्या लेकीचं. गेले दोन महिने काढते आहे मी आणि कधी तुम्हाला एक ठिपका दिसला नाही. आज तुम्ही ते गरम पाण्यात घालून शिजवलंत."

बोलून झालं आणि मग मला ऐकू आलं मी काय बोलले ते. शेखर कठड्याला धरून खाली बसले. मी सवयीने पाणी आणलं. त्यांनी ते घेतलं, प्यायले नाहीत.

मी बाथरूममध्ये जाऊन दार लावलं. गार पाणी, मीठ, पुन्हा गार पाणी, लिंबू. जेवढं येत होतं तेवढं केलं. ठिपके थोडे फिकटले, पण गेले नाहीत. मला स्वतःचा इतका राग आला होता की मी लिंबाची सालसुद्धा चोळत बसले.

संध्याकाळी सायली आली. घरातली शांतता तिने दारातच ओळखली. माझ्याकडे बघितलं, दोरीवरच्या ओल्या कुर्त्याकडे बघितलं.

"तू सांगितलंस?"

"डागावरून बोलणं निघालं," मी म्हणाले. दुसरं काय सांगणार?

शेखरनी तिला समोर बसवलं. "पट्ट्या काढ."

तिने एकेक पट्टी सोडवली. बोटांची पेरं सोलली होती, एक फट अजून ओली होती. शेखरनी तोंड फिरवलं. मी पुढे होणार तेवढ्यात त्यांनी हाताने मला थांबवलं आणि पुन्हा वळून बघितलं. कपाळावर घाम आला होता, पण बघत राहिले.

"दुखतं?"

"वाजवताना नाही दुखत, पप्पा. नंतर दुखतं."

"मंग कशाला?"

सायली म्हणाली, "सगळे ढोल एका वेळी पडतात ना, तेव्हा माझा वेगळा ऐकू येत नाही. पण मी थांबले तर सगळ्यांना कळतं. मला तिथे असायचंय. तुम्ही नको म्हणालात तर नाही जाणार, तसं कबूल केलं होतं. पण जाऊ दिलंत तर हाच कुर्ता घालून जाईन. दुसरा नाहीये, आणि मला हा घालायला लाज वाटत नाही."

शेखर तिच्या हाताकडे बघतच म्हणाले, "द्राक्षांचे घड छाटून भरताना पोरींची बोटं कात्रीनं कापतात आमच्याकडं. मी पट्टीचा डबा पुढं करतो अन् दुसरीकडं बघतो. इतकी वर्षं तसंच चाललंय." एवढंच बोलले आणि उठले. हो म्हणाले नाहीत, नको म्हणाले नाहीत. सायलीने पथकात कोणाला फोनही केला नाही.

पहाटे मी गुढीची तयारी करायला उठले तर बैठकीत दिवा लागलेला. शेखर आंघोळ करून, कपाळाला गंध लावून इस्त्रीच्या टेबलाशी उभे होते. समोर सायलीचा कुर्ता होता. या माणसाने आपला रुमालही कधी इस्त्री केलेला नाही. बाही सरळ करायचे, ती पुन्हा सुरकुतायची, मग पुन्हा सरळ करायचे. छातीवर आले तेव्हा हळू झाले, आणि प्रत्येक ठिपक्यावरून इस्त्री जपून फिरवत गेले.

डागावर इस्त्री फिरली की डाग कायमचा बसतो. उरलीसुरली आशा तिथे संपते. हे मी आयुष्यभर लोकांना ओरडून सांगितलं आहे, आणि दुसऱ्या कोणी माझ्यासमोर असं केलं असतं तर मी इस्त्रीची वायर ओढली असती. मी दारातच उभी राहिले, वायरला हात लावला नाही.

"उठव तिला," शेखर मागे न बघता म्हणाले. "उशीर होईल."

रविवार कारंज्याच्या चौकात आम्ही पोचलो तेव्हा ऊन नुकतं वर येत होतं. नऊवाऱ्या, फेटे, कॅमेरे, आणि कोपऱ्यापलीकडून येणारा आवाज, जो आधी पायांना कळतो आणि मग कानांना. शेखरच्या हातात पाण्याची बाटली होती आणि खिशात पट्टीचा आख्खा डबा. पथक वळलं. सायली पहिल्या रांगेत नव्हती, दुसऱ्या रांगेत कडेला होती, पण आमच्या बाजूच्या कडेला. डावा हात कोपरापासून उठत होता आणि पडत होता, आणि चेहऱ्यावर असं काही होतं जे मी तिच्या कुठल्याच वाढदिवसाला पाहिलं नव्हतं. उन्हात ते तपकिरी ठिपके लांबूनही स्पष्ट दिसत होते. सगळी रांग पांढरीशुभ्र, आणि त्यात माझी एकटी तशी.

माझ्या शेजारी जरतारी नऊवारीतल्या एक बाई उभ्या होत्या. त्या मैत्रिणीला म्हणाल्या, "बाकी सगळ्या कशा नीटनेटक्या. हिचाच कुर्ता बघ. सणाच्या दिवशी स्वच्छ धुवून द्यायलासुद्धा घरी कोणी नाही वाटतं."

शेखरनी दचकून माझ्याकडे बघितलं. त्यांना वाटलं, आता ही सगळी यात्रा थांबवते.

मी पदर खोचला, त्या बाईंच्या पुढे जाऊन उभी राहिले, सगळ्यांना दिसेन अशी.

"आहे ना," मी म्हणाले. "मी धुते तिचे कपडे. मी तिची आई."