बिनकाठाचं लुगडं

एकोणीसशे चौसष्टचा एप्रिल. कोकिळेचा सोमवारचा उपास होता. महादेवाला वाहायचा बेल निवडत ती बसली होती, तेवढ्यात अमडापूरच्या वाचनालयाचे चिंतामण गुरुजी तसबीर घेऊन आले. पन्नास वर्षांपूर्वीच्या विनोदी मासिकातलं व्यंगचित्र त्यांनी मोठं करून काचेत बसवलं होतं. बूट घातलेली एक बाई छत्री धरून ताठ उभी. पुढ्यात पाच शेळ्या लिहायच्या पाट्या चघळतायत, मागे तुळस वाळून गेलेली.

"ही बाई म्हणजे इंग्रज सत्ता," गुरुजी समजावू लागले. "शेळ्या म्हणजे भोळी रयत. महाराष्ट्र दिनाला वाचनालयात लावतोय. पडदा तुमच्या आत्याबाईंच्या हातून सारायचा. गावात सर्वांत वडील त्याच."

कोकिळेनं तसबीर जवळ ओढली. बाईच्या हातात बांगडी नव्हती. डोक्यावर घट्ट पदर, आणि लुगड्याला काठ नव्हता.

उपासाच्या दिवशी रागवायचं नाही, असा तिचा नेम होता. तो तिथंच मोडला.

"गुरुजी, सत्तेले बिनकाठाचं लुगडं काऊन नेसवलं असन?"

"जुनी छपाई. काठ उठला नसेल."

"शेळीचा केस न् केस उठला, काठ तेवढा उठला नाही? विधवा हाय ते. माही आत्या हाय."

ऐन तरुणपणी विधवा झालेल्या या आत्यानं, सरस्वतीबाईंनी, पाच मुलींना अक्षरं शिकवायला घेतली होती. ते मासिक गावभर फिरलं आणि आठ दिवसांत एकही मुलगी येईना. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं; चित्र मात्र कोकिळा आज पाहत होती.

गुरुजींनी आवाज खाली आणला. "असेलही. पण या चित्रावरचा माझा लेख छापून गेलाय. आत्याबाईंना आता दिसत नाही. सांगतंय कोण?"

"जिले हसले, तिच्याच हातानं पडदा सारून घेता? तेही चोरून?"

तसबीर उचलून ती आत गेली आणि म्हातारीला एकेक गोष्ट सांगितली. शेळ्यासुद्धा.

सरस्वतीबाई काचेवर बोटं फिरवत राहिल्या. "पंचफुला वाचाले लागली होती," त्या म्हणाल्या. "बाप आला न् दंडाले धरून नेली. मी सारीन पडदा. पण अर्थ मी सांगीन."

"समारंभात ते बरं दिसणार नाही, आत्याबाई," दारातून गुरुजी म्हणाले.

"मंग आमाले सगळ्या गावादेखत थांबवा," कोकिळा म्हणाली.

गुरुजी तसबीर काखेत मारून पायऱ्या उतरले.

"माहा आवाज पोचत नाही आता," म्हातारी म्हणाली. "मोठ्यानं तूच बोलजो."

देवळात आरतीही हळू गाणारी कोकिळा म्हणाली, "हाव."