अंगठ्याची खाच

मिस्त्रींनी नमुन्याचा दस्ता डॉक्टरांच्या हातात दिला आणि स्टुलावर बसून घेतलं. हल्ली उभं राहायची ताकद कामाच्या पहिल्या तासातच संपायची. डॉक्टर तसे दातांचे. पण दवाखाना मुलीवर सोपवून त्यांनी स्वतःला आता बनत नसलेल्या एका जुन्या रायफलीला वाहून घेतलं होतं. तिच्यावर त्यांनी एक जाडजूड पुस्तक लिहिलं होतं आणि नेमबाजी क्लबात त्या पुस्तकापुढे कुणाचं काही चालत नसे. क्लबाकडच्या त्याच बनावटीच्या बारा रायफलींचे लाकडी दस्ते तडकले होते, किडले होते. त्या बनवणारा कारखाना बंद पडून चाळीस वर्षं झालेली, नवे आणणार कुठून? म्हणून मिस्त्रींची आठवण झाली. तिथे दस्ते घडवणाऱ्यांपैकी आता हे एकटेच उरले होते.

डॉक्टरांनी खिशातून दात तपासायचा चिमुकला आरसा काढला आणि दस्त्याच्या कानाकोपऱ्यात फिरवला. मिस्त्रींना वाटलं, आता हे आ करायला सांगतात की काय.

"सगळं झकास आहे हो मिस्त्री. फक्त अंगठ्याची खाच चुकली."

"चुकली?"

"तुमची आत वळते. मूळ खाच सरळ पुढे जाते. हा बघा अस्सल." त्यांनी पिशवीतून एक जुना दस्ता काढला. "क्लबाकडे एवढा एकच धड राहिलाय. पुस्तकात फोटो आहे याचा."

मिस्त्रींनी तो हातात घेतला, चष्मा कपाळावर सरकवला आणि लाकूड डोळ्यांजवळ नेलं. दस्त्याच्या टाचेकडे एक काळपट गाठ होती. ती गाठ बघितल्याबरोबर त्यांचे कान गरम झाले. या वयातही माणसाला शरम वाटू शकते, याचं त्यांना नवल वाटलं.

"डॉक्टर, हा माझ्या हातचा आहे. आणि हा चुकलेला आहे."

"काहीतरीच काय!"

"आमच्या थोरलीच्या वेळी बायको दोन दिवस अडली होती. मी रात्रभर जागून तसाच कामावर गेलो. पटाशी सटकली, खाच सरळ गेली. फोरमननं सगळ्यांसमोर माझी अशी काढली की विचारू नका. हा जाळायच्या ढिगात टाकला होता. वर्षअखेरीला आकडा भरेना, तेव्हा कुणीतरी उचलून चढवला असणार."

"मग मापाचा फर्मा? नकाशे?"

"फर्मा भंगारात गेला. नकाशे आम्ही कधी बघितलेच नाहीत. खाचेत अंगठा ठेवायचा. तो न दाबता, न घसरता आपसूक बसला, की झालं. उरलं ते एवढंच." आणि मिस्त्रींनी स्वतःचा अंगठा वर करून दाखवला. सांध्यात सुजलेला, नखापाशी चिरलेला.

डॉक्टरांनी आरसा खिशात ठेवला. खोटं बोलणारा माणूस असा बसत नाही, हे त्यांना कळत असावं. ते अगदी हळू म्हणाले, "मिस्त्री, गेल्या वीस वर्षांत किमान साठ जणांनी मला आपापले दस्ते दाखवले. खाच आत वळणारी दिसली की मी सांगायचो, नकली आहे, बदलून टाका."

"मग?"

"बदलले त्यांनी. माझं ऐकतात सगळे."

मिस्त्रींना त्या माणसाचा राग यायला हवा होता. आला नाही. रागालासुद्धा अंगात काहीतरी शिल्लक लागतं.

डॉक्टरांनी उठता उठता अडचण सांगितली. क्लबाच्या समितीनं हा जुना दस्ताच नमुना म्हणून मंजूर केला होता. त्याच्याशी जुळलं नाही, तर सगळं काम यंत्रावर दस्ते काढणाऱ्याकडे जाणार होतं, आणि तो हीच खाच हुबेहूब उतरवणार होता. "मी पुस्तकात दुरुस्ती करीन," ते म्हणाले. "पण एवढ्यात नाही जमणार मला."

मिस्त्रींनी जेवताना बायकोला सगळं सांगितलं.

"अहो, जन्मभर चूक होऊ नये म्हणून जीव काढलात," ती म्हणाली. "आता लोक स्वतः चूक करा म्हणतायत, तर तेवढी तरी सुखानं करा."

"माझ्यामागे कुणाला कळणारच नाही गं, खरी खाच कशी होती ते."

"हात शाबूत आहेत ना? मग नंतर करा की एक खरा."

हे त्यांना पटलं. बरोबर खाच कुठे पळून जाते? अंगठ्यातच तर आहे. त्यांनी आपल्या नमुन्याच्या दस्त्याची खाच तासून सरळ केली आणि कामाला लागले.

पहिले दोन-तीन दस्ते करताना जिवावर आलं. पटाशी सवयीनं आत वळू बघायची, तिला दामटून सरळ न्यावं लागायचं. सहाव्यापासून ती मुकाट जाऊ लागली. मिस्त्रींना बरं वाटलं. अक्रोडाचा भुसा नाकातोंडात जायचा, कंबर धरायची, दुपारी दोन तास आडवं झाल्याशिवाय कानस धरवत नसे. पाच महिन्यांनी बारावा दस्ता जवसाच्या तेलात न्हाऊन निघाला. क्लबात सगळ्यांनी तोंड भरून कौतुक केलं.

त्यानंतर आठवडाभरात डॉक्टर एकटेच आले. या खेपेला आरसा नव्हता. अक्रोडाचा एक ठोकळा त्यांनी बाकावर ठेवला.

"तेरावा करा, मिस्त्री. खरा. समितीसाठी नाही, माझ्यासाठी. पुस्तकात फोटो बदलायचाय. लोक हसतील, हसू देत."

मिस्त्रींना इतका आनंद झाला की त्या दिवशी ते दुपारी आडवेसुद्धा झाले नाहीत. तीन आठवडे त्यांनी त्या लाकडावर जीव टाकला. खाच अगदी शेवटी ठेवली. गोल पटाशी लावली, डोळे मिटले आणि हाताला त्याच्या मनासारखं जाऊ दिलं.

डोळे उघडले तर खाच सरळ गेली होती.

लाकूड अजून शिल्लक होतं, सावरता आलं असतं. त्यांनी ती आत वळवली. अंगठा ठेवला. बसला. मग थोडी आणखी वळवली. तरी बसला. मग क्लबाच्या कामाचा रद्द केलेला एक दस्ता कोपऱ्यातून आणून त्याच्या सरळ खाचेत अंगठा ठेवला. तिथेही तो तितकाच आपसूक बसला. संध्याकाळपर्यंत ते आळीपाळीनं दोन्हींवर अंगठा ठेवून बघत राहिले.

डॉक्टर आले, तेव्हा मिस्त्रींनी दस्ता त्यांच्यापुढे केला, पण हातातून सोडला नाही.

"हा खरा नाही, डॉक्टर. मला येत नाहीये आता."

"अहो, आत वळलीये की छान! असू दे उन्नीस-बीस. कुणाला कळणार आहे?"

"मलाच कळत नाही," मिस्त्री म्हणाले. "तेच तर सांगतोय तुम्हाला."