गालांवरची सावली

मंगळवार, दिनांक ६ फेब्रुवारी २०१८. पहाटेचे पाच वाजून दहा मिनिटे. घरात आम्ही तिघे होतो: मी, माझी पत्नी आणि माझी भाची. दाराच्या दोन्ही कड्या लावलेल्या होत्या.

भाची नवऱ्याचे घर सोडून आली होती. मागच्या खेपेस त्याने तिला बसस्थानकावरून ओढत परत नेले आणि तिचा हात मोडला. आता तिला दूरच्या शहरात नोकरी मिळाली होती आणि सकाळची बस गाठायची होती. परंतु आदल्या दिवशी नवऱ्याचा धंद्यातला भागीदार आमच्या दारात येऊन गेला. त्याने तिला कधी पाहिलेले नव्हते. मोबाइलमध्ये फोटो मात्र होता. तो मला दाखवत फार नम्रपणे म्हणाला, "दिसली तर कळवा, मामा. मी उद्यापासून स्टँडवरच आहे."

फोटोत तिचे गाल खोल बसलेले होते. तो चेहरा एकदा पाहिलेला माणूस सहसा विसरणार नाही.

पत्नी घरीच पार्लर चालवते. गालाच्या हाडाखाली गडद आणि हाडावर फिकी छटा देऊन चेहरा कोरीव करणे हे तिचे रोजचे काम. आज नेमके उलट करायचे होते: खळग्यात फिकी, हाडावर गडद. गाल भरलेले दिसले पाहिजेत. तिने डावा गाल पुरा केला आणि भाचीने आरशात पाहून श्वास रोखला.

"मामी, ही तर फोटोतलीच मी."

"अगं बाई! हात सवयीनं गेला." पत्नीने रंग पुसला.

मी जन्मभर यंत्ररेखन शिकवले. छायांकन वरून येणाऱ्या उजेडात तपासायचे, हा माझा नियम. त्यामुळे टेबलावरचा दिवा मी भाचीच्या डोक्यावर धरून ठेवला.

"अहो, दिवा खाली घ्या, डोळे दिपतायत पोरीचे."

"वरूनच हवा."

"हो, नटबोल्टच आहे ना ती!"

भाचीला हसू फुटले. "हसू नकोस, गाल भेगाळतील," पत्नी म्हणाली. पण तीही हसली. काम झाले तेव्हा आरशात गोल चेहऱ्याची, चष्मा लावलेली एक अनोळखी मुलगी बसली होती. मी समाधानाने दिवा मालवला.

ठरल्याप्रमाणे ती एकटी पुढे स्टँडवर गेली. भागीदार मला ओळखत असल्यामुळे मी रस्त्यापलीकडे, औषधांच्या बंद दुकानाच्या पायरीवर थांबलो.

उतारू फलाटाच्या कडेला, रस्त्याकडे तोंड करून उभे होते. सूर्य नुकताच वर आला होता आणि कोवळे ऊन छपराखालून थेट त्यांच्या तोंडावर येत होते. मी भाचीकडे पाहिले. समोरून पडलेल्या उजेडात सावली उरत नाही, उरतो तो नुसता रंग. तिच्या गालांवर दोन पांढुरके डाग आणि दोन तपकिरी पट्टे रस्त्यापलीकडूनही दिसत होते. चेहरा रंगवलेला आहे, हे शेंबड्या पोरालाही कळले असते.

भागीदार रांगेच्या टोकाला उभा राहून एकेक चेहरा न्याहाळत होता.

मी रस्ता ओलांडला.

"मामा? तुम्ही इकडे कुठे?"

"तुम्ही ज्या कामाला आलात, त्यालाच," मी म्हणालो. "तिची आई रडून रडून अर्धी झालीय."

त्याने मला आपादमस्तक पाहिले. "मग चला. दोघं मिळून बघू. चार डोळे बरे."

मला नाही म्हणता आले नाही. आम्ही फलाटाच्या कडेने निघालो. मी उन्हाच्या बाजूने, त्याच्या दोन पावले पुढे चालत राहिलो आणि भाचीच्या अगदी समोर येऊन, सूर्याकडे पाठ करून थांबलो. माझी सावली तिच्या चेहऱ्यावर पडली. वर छपराला लावलेला ट्यूबलाइट अजून चालू होता. उजेड पुन्हा वरून येऊ लागला.

"काय झालं?"

"दम लागला. जरा थांबतो."

तो माझ्या शेजारी आला. त्याने मोबाइल वर केला, फोटोकडे पाहिले, मग भाचीकडे. पुन्हा फोटोकडे. तिची नजर माझ्या सदऱ्याच्या गुंडीवर खिळली होती. तिने "मामा" म्हणून हाक मारली असती, तर सगळेच संपले असते. मी जागचा हललो असतो, तरीही.

"ताई, म्हाताऱ्याला बसायला तुमची बॅग द्या की," तो तिला म्हणाला.

मागची एक बाई फणकारली, "तिला कशाला सामान हलवायला लावता? या आजोबा, माझ्या बोचक्यावर टेका. आणि तुम्ही हो, बायकांच्या तोंडात मोबाइल काय खुपसताय? लाज आहे का?"

दोन-चार माणसे हसली. त्याचा चेहरा उतरला. "फोटो जुळवतोय फक्त," असे पुटपुटत तो पुढच्या चेहऱ्याकडे वळला. बस येऊन उभी राहीपर्यंत मी टेकलो नाही, सरकलो नाही.

बस सात वाजून बेचाळीस मिनिटांनी सुटली. उतारू चढले एकेचाळीस. रांगेतले मागे कोणी राहिले नाही.